ब्लूटूथ माऊस की डोंगलवाला? दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत

माझ्या टेबलाच्या खणात एक ब्लूटूथ माऊस पडून आहे. बिघडलेला नाहीये, सेल घातले की आजही चालतो, हाताला तर आताच्या माऊसपेक्षा जास्त छान बसतो. तरी गेली तीन वर्षं मी डोंगलवालाच वापरतोय (डोंगल म्हणजे माऊसबरोबर येणारी, यूएसबी पोर्टमधे लावायची छोटी पिन), आणि कोणी विचारलं की कुठला घेऊ तर माझं माप जरा डोंगलकडे झुकतं. का झुकतं ते नीट सांगतो, म्हणजे तुमचं काम वेगळ्या पद्धतीचं असेल तर तुम्हाला बरोब्बर उलटं ठरवता येईल.

माझं काम जीएसटी आणि हिशोबाचं, घरूनच, इंदूरला रामबागेत. पुढची खोली तेवढी ऑफिस. कोणी येऊन बसलं की लॅपटॉप उघडायचा, ते गेले की बंद, मग जेवण, मग परत कोणी येतं, कधी लॅपटॉप उचलून सियागंजात नाहीतर क्लॉथ मार्केटात कोणाच्या तरी दुकानावर जायचं आणि तिथल्या गादीवर बसून काम करायचं. म्हणजे दिवसातनं आठ-दहा वेळा झाकण बंद होतं आणि तितक्याच वेळा उघडतं. सकाळी एकदा चालू करून संध्याकाळपर्यंत एकाच जागी बसणाऱ्याचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो, हे आधीच मान्य.

ब्लूटूथ घेतला तो पोर्टपायी. लॅपटॉपला यूएसबीचे दोन पोर्ट आणि एक टाइप-सी. एकात डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन, कारण कंपन्यांची आणि एलएलपींची रिटर्न्स डिजिटल सहीनेच भरावी लागतात, दुसऱ्यात बॅकअपची हार्डडिस्क नाहीतर प्रिंटर, मग माऊसच्या डोंगलला जागा कुठे उरते? ब्लूटूथला पोर्टच लागत नाही, हा एक मुद्दा मला तेव्हा पुरेसा वाटला होता आणि ज्याच्याकडे पोर्टची खरोखर मारामार आहे त्याला मी आजही तेच सांगेन.

जोडायला फार काही लागत नाही, ते तुम्हाला माहीतच असेल. फक्त दोन ठिकाणी लोक अडतात. एक, माऊस आधी दुसऱ्या कशाला तरी जोडलेला असतो, घरातल्या जुन्या लॅपटॉपला किंवा टॅबला, आणि तो शेजारच्या खोलीत चालू असतो, मग माऊस तिकडेच जाऊन चिकटतो आणि आपण इथे शोधत बसतो; तिकडचं ब्लूटूथ बंद करा, मग माऊसचं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. दुसरं, विंडोज ११ शोधताना नेहमीची उपकरणंच दाखवतं, काही माऊस-कीबोर्ड त्या यादीत येतच नाहीत, तेव्हा सेटिंगमधे ब्लूटूथच्या पानावर शोधायची पद्धत 'डिफॉल्ट' असते ती 'ॲडव्हान्स्ड' करायची, की लगेच दिसतात. कीबोर्ड असेल तर स्क्रीनवर आकडा येतो, तो त्याच कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं. माझ्या एका ओळखीच्यांनी तो आकडा लॅपटॉपच्या कीबोर्डवर तीन वेळा टाइप केला आणि कीबोर्ड खराब निघाला म्हणून दुकानात परत न्यायला निघाले होते.

आता ज्या गोष्टीने माझं मन फिरलं ती. लॅपटॉप झोपेतून उठला की ब्लूटूथ माऊस लगेच येत नाही. कधी तीन-चार सेकंद, कधी दहा, आणि कधी येतच नाही. त्यातून मी टचपॅडची एक सेटिंग करून ठेवली होती, माऊस जोडलेला असेल तर टचपॅड बंद, कारण टाइप करताना तळहात लागून कर्सर भलतीकडे जातो. त्या दिवशी २० तारीख होती, जीएसटीआर-३बीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची. सियागंजातले एक व्यापारी समोर बसलेले, सगळे आकडे भरून झालेले, फक्त ओटीपी टाकून फाइल करायचं बाकी. त्यांचा फोन आला म्हणून ते बाहेर गेले, मी झाकण खाली केलं, ते परत आले, मी उघडलं, ओटीपी मागवायच्या बटणापर्यंत माऊस चालला आणि तिथेच गेला. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला, ते म्हणतायत "भिया, आ गया, लिखो", आणि माझा कर्सर जागचा हलत नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने माऊस जोडलेलाच होता, म्हणून टचपॅडही बंद. कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबत दाबत त्या चौकोनापर्यंत पोचेस्तोवर ओटीपीची मुदत संपली. परत मागवला, रिटर्न त्या दिवशी भरलं गेलं, नुकसान काही झालं नाही. पण तो माणूस माझ्या भरवशावर समोर बसलेला होता आणि माझ्या हातात काही नव्हतं, ती पाच मिनिटं मला आजही आठवतात.

नंतर मी सोडलं नाही, महिनाभर तेच करत होतो. काय काय केलं ते सांगतो, कारण ज्यांच्याकडे ब्लूटूथ आहे त्यांना याचा खरंच उपयोग होईल. पहिलं म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधे ब्लूटूथच्या अडॅप्टरवर प्रॉपर्टीज उघडून पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' अशा अर्थाची खूण काढली. काही लॅपटॉपवर ते पान नसतंच, माझ्या भावाच्या लॅपटॉपवर नाहीये, तिथे हा मार्ग बंद. दुसरं, ड्रायव्हर, म्हणजे ब्लूटूथचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन टाकला, विंडोजने आपोआप घातलेला काढून. तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, शटडाउन केलं की लॅपटॉप पूर्ण कोरा होऊन चालू होतो असं वाटतं, पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलतं, अडकलेल्या ड्रायव्हरसकट, म्हणून ब्लूटूथ रुसलं तर शटडाउन नाही, रीस्टार्ट करायचं. चौथं, आणि याने सगळ्यात जास्त फरक पडला, वायफाय ५ गीगाहर्ट्झवर नेलं.

ते का, तर ब्लूटूथ २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, जुनं वायफायही तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच आसपास, आणि बहुतेक लॅपटॉपमधे वायफाय आणि ब्लूटूथ मिळून एकच छोटं कार्ड असतं, एकाच अँटेनावर दोघांचा संसार. ब्लूटूथ एका जागी थांबत नाही, सारखं चॅनल बदलत गर्दीतून वाट काढतं, २००३ सालच्या १.२ आवृत्तीपासून तर गजबजलेले चॅनल ओळखून टाळतंही, त्यामुळे एरवी निभावून जातं. पण आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं, तिघांचे राउटर, आणि माझी फाइल इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर चढत असेल तर माऊस अडखळायचा. ५ गीगाहर्ट्झवर गेल्यावर ते अडखळणं थांबलं.

एवढं सगळं केल्यावर झोपेतून उठतानाचा त्रास रोजच्यावरून आठवड्यातनं एकदावर आला. पण शून्य झाला नाही. आणि मला तरी असं वाटतं की आठवड्यातनं एकदाच होणारी गोष्ट जास्त वाईट, कारण ती कधी होईल ते कळत नाही, म्हणजे ऐनवेळीच होणार अशी धाकधूक सारखी मनात राहते.

मग सिल्व्हर मॉलमधून डोंगलवाला माऊस आणला, साधाच. यात फरक कुठे आहे तर लॅपटॉपला डोंगल हा साधा यूएसबी माऊसच वाटतो. रेडिओचं जे काही बोलणं आहे ते डोंगल आणि माऊस आपापसात करतात, त्यांची जोडी कारखान्यातच लागलेली असते. झाकण उघडल्यावर ब्लूटूथला आधी कार्ड जागं व्हायला लागतं, मग ड्रायव्हर, मग विंडोजची सर्व्हिस, मग माऊसशी ओळख पटून जोडणी, एवढ्या पायऱ्या, आणि त्यातली कुठलीही अडली की झालं. डोंगलला पोर्टमधे वीज आली की काम सुरू. तीन वर्षांत झाकण उघडलं आणि माऊस आला नाही असं माझ्या आठवणीत दोनदा झालं, एकदा सेल संपला होता आणि एकदा डोंगल अर्धवट निघालेलं होतं.

डोंगलमधे दोष नाहीत असं मात्र नाही. मला पहिल्याच आठवड्यात एक भेटला. बॅकअप चालू केला की कर्सर उड्या मारायचा, बॅकअप संपला की ठीक. दोन दिवस मी माऊसच बदलून आणायच्या विचारात होतो, मग कारण कळलं. यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट काम करताना २.४ ते २.५ गीगाहर्ट्झमधेच रेडिओचा गोंगाट सोडतात, इंटेलने २०१२ साली यावर एक सविस्तर टिपण काढलेलं आहे. माझी हार्डडिस्क आणि डोंगल एकमेकांना खेटून लावलेले. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमधे नेलं तर निम्मं बरं झालं, आणि जेल रोडवरून हातभर लांबीची एक्स्टेंशन केबल आणून डोंगल माऊसजवळ आणून ठेवलं तर पूर्णच थांबलं. डोंगलवाला माऊस अडखळत असेल तर नवा घेण्याआधी ही केबल लावून बघा, फार स्वस्तात प्रश्न सुटतो. टेबल लोखंडी असेल आणि डोंगल टेबलाच्या मागे खाली कुठेतरी असेल तरीही हाच उपाय.

पोर्टचं म्हणाल तर टाइप-सीला छोटा हब लावला, टोकन आणि डोंगल त्यावर, हार्डडिस्क लॅपटॉपच्या पोर्टमधे. दुकानावर जाताना हब बॅगेत न्यावा लागतो, हा त्रास आहेच, तो मी पत्करला.

डोंगल हरवलं तर साधा माऊस वाया जातो, हे खरं. लॉजिटेक कंपनीचं युनिफाइंग नावाचं डोंगल असेल तर नवं डोंगल घेऊन जोडता येतं आणि एका डोंगलवर सहा उपकरणं बसतात, म्हणजे माऊस-कीबोर्डला दोन पोर्ट लागत नाहीत. त्यांचंच २०२१ साली आलेलं बोल्ट नावाचं डोंगल आतून ब्लूटूथ लो एनर्जीवरच (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर) चालतं, पण लॅपटॉपच्या ब्लूटूथला मधे घेत नाही. मला तर ही रचना फार आवडली, कारण अडचण रेडिओत नव्हतीच, ती लॅपटॉपच्या झोपण्या-उठण्यात होती.

सुरक्षेत मात्र स्वस्त डोंगलपेक्षा ब्लूटूथ बरं म्हणायला हवं. २०१६ साली माऊसजॅक नावाचा दोष उघड झाला होता, त्यात बऱ्याच कंपन्यांच्या बिगर-ब्लूटूथ डोंगलमधून दुरून खोटी बटणं दाबता येत होती. माझ्याकडे लोकांचे पासवर्ड असतात, म्हणून मी बिननावाचा डोंगलवाला कीबोर्ड घेतलाच नाही, टाइप करायला लॅपटॉपचाच कीबोर्ड आणि डोंगल फक्त माऊससाठी. कीबोर्ड घ्यायचाच असेल तर एन्क्रिप्शन आहे असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

हेडफोनला मी ब्लूटूथच वापरतो, गाणी ऐकायला काहीच तक्रार नाही. मीटिंगमधे मात्र हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, कारण माइक घेताना ब्लूटूथ फोनकॉलच्या हलक्या पद्धतीवर जातं. बिघाड नाहीये तो. मीटिंगमधे माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज हेडफोनमधे ठेवा, लगेच सुधारतो.

आणखी एक, आणि माझ्यासाठी हे जवळपास तितकंच मोठं. लोकमान्य नगरात माझे काका राहतात, वय ७६, लॅपटॉपवर मराठीत आठवणी टाइप करतात, रोज दोन पानं. त्यांनाही मी आधी ब्लूटूथ माऊसच दिला होता. दर दोन-चार दिवसांनी सकाळी फोन, "अरे, बाण हलत नाहीये रे." आता माऊस चालत नसताना फोनवरून त्यांना सेटिंगमधे जा, उपकरण काढा, परत जोडा हे सांगायचं कसं? मी स्कूटर काढून जायचो. डोंगलवाला दिल्यापासून एकच वाक्य पुरतं, "काका, ती छोटी पिन काढा आणि परत लावा." ते काढतात, लावतात, विंडोज टिंग करतं ते मला फोनमधे ऐकू येतं, आणि ते म्हणतात "आला." घरातल्या मोठ्या माणसासाठी घेत असाल तर मी जास्त विचारच करू नका म्हणेन.

टॅब आणि लॅपटॉप दोन्हीवर एकच माऊस हवा असेल, किंवा लॅपटॉपला यूएसबीचा जुना चौकोनी पोर्टच नसेल, तर ब्लूटूथ घ्या, वरच्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका, बऱ्यापैकी सुखात राहाल. ठरतच नसेल तर दोन्ही असलेला माऊस मिळतो, खाली बदलायचं बटण असतं, थोडा महाग पडतो. माझा सध्याचा तसाच आहे, डोंगल रोजच्या कामाला आणि ब्लूटूथ टॅबला. फक्त घेताना सेलचं झाकण उघडून आत डोंगल ठेवायची खाच आहे ना ते बघून घ्या, काहींना नसते, आणि प्रवासात डोंगल पोर्टमधेच राहून वाकतं.