स्वप्नात जागं व्हायचं ॲप: तीन महिने रोज वापरून

साताऱ्यात मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे मी, आणि गेल्या दिवाळीपासून लुसिड ड्रीमचं वेड लागलंय, म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं ना की अरे हे स्वप्न आहे, ते. त्यासाठी एक ॲप घेतलं, पैसे भरून. नाव लिहीत नाही कारण त्यातल्या एका गोष्टीवर माझा खरंच राग आहे, आणि तशीही ही ॲप्स सगळी साधारण सारखीच असतात.

ॲप काय करतं तर दिवसातून दहा वेळा कधीही टिंग वाजतं आणि स्क्रीनवर प्रश्न येतो, आत्ता तू स्वप्नात आहेस का? मग नाक दाबून श्वास घेऊन बघायचा, स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो. किंवा काहीतरी वाचायचं, नजर बाजूला न्यायची आणि परत वाचायचं, स्वप्नात अक्षरं बहुतेक वेळा बदललेली असतात. दिवसा सवय लागली की तीच सवय रात्री स्वप्नात पण उगवते असा हिशोब. ही मूळ आयडिया ॲपवाल्यांची नाही, पॉल टोलाय म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होते त्यांनी ही पद्धत मांडली, आणि त्यांचा सगळा जोर यावर होता की प्रश्न मनापासून विचारायचा, आजूबाजूला नीट बघून.

इथेच माझे पहिले तीन आठवडे वाया गेले. संध्याकाळी सातला काउंटरवर सहा माणसं उभी असतात, त्यात टिंग वाजतं, अंगठा आपोआप नोटिफिकेशन सरकवून टाकतो, नाक पण दाबलं जातं, पण प्रश्न काही विचारला जात नाही. रात्री काहीच नाही. साधी स्वप्नं पण धड आठवत नव्हती.

मग दुसऱ्या टॅबमध्ये थॉट लॉग म्हणून एक साधं बटण सापडलं, ॲपची खरी किंमत तिथे आहे आणि त्यांनी ते लपवल्यासारखं कोपऱ्यात ठेवलंय. त्यात टिंग नाही. आपण कुठल्या तरी विचारात वाहून गेलो होतो हे लक्षात आलं की बटण दाबायचं आणि एका शब्दात लिहायचं कसला विचार होता, बस्. पहिल्या दिवशी चार झाले. आठवड्याने तीसच्या आसपास. आणि लिस्ट बघितली तर एकच शब्द परत परत, एक्स्पायरी. दिवसभर माझ्या मनात मागे तेच चालू असतं, एक्स्पायरी बघितली का, एक्स्पायरी बघितली का, मला पत्ताच नव्हता.

नणंद इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलीये, तिला सांगितलं तर म्हणाली, "वहिनी, विचाराबरोबर वाहत जायचं नाही, आला हे कळलं की पुरे." तेच करायला लागले. एक्स्पायरीचा विचार आला की आधी मनात म्हणायचं, हा विचार आला. मग मागे जायचं, याच्या आधी काय चाललं होतं, पाच मिनिटांपूर्वी मी कुठे होते, इथे कशी आले. आणि मग स्ट्रिप दोनदा वाचायची. ज्यांनी स्ट्रिप हातात घेतल्यात त्यांना माहितीये, चंदेरी फॉइलवर ते आकडे दाबून छापलेले असतात, ट्यूबलाइटकडे तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत.

सहाव्या आठवड्यात एका पहाटे मी दुकानात उभी, समोर एक आजोबा, हातात स्ट्रिप, तिरकी धरली तर ०३/२६. मनात आलं एक्स्पायरी बघितली का. आणि हा विचार आला हे मला तिथेच कळलं. सवयीने मागे गेले, दुकान कोणी उघडलं, शटर मी वर केलं का? शटर आठवेना. परत स्ट्रिप बघितली तर आकडे नाहीतच, फॉइलवर बारीक अक्षरं मुंग्यांसारखी सरकत होती. अंगावर सर्रकन काटा आला, मी जागी आहे स्वप्नात! हात एकमेकांवर चोळले, स्वप्न टिकवायला असं करतात, आणि बाहेर आले तर गल्लीच्या तोंडाशीच अजिंक्यतारा, हात लावता येईल इतका जवळ, पायऱ्या ओल्या, आणि तो ओला दगड तळहाताला खरा लागला. अर्धा मिनिट असेल. मग जाग आली, पाच चाळीस झाले होते, नवऱ्याला उठवून सगळं सांगितलं तेव्हा छाती धडधडत होती.

तीन महिन्यांत असं पाच वेळा झालं, त्यातली चार विचारावरून. टिंगमुळे एकदाही नाही. मला वाटतं कारण सरळ आहे, फोन आपल्याबरोबर स्वप्नात येत नाही, काळजी मात्र येते, रोजचीच, तशीच.

पाचवं एका रविवारी पहाटे. ॲपमध्ये अजून एक पद्धत आहे, पाचेक तास झोपून उठायचं, आत्ताचं स्वप्न आठवायचं आणि पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे असं म्हणत परत झोपायचं. ही स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांची. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये यावर अभ्यास छापला, दिवसा स्वप्नात आहोत का हे तपासणं, पहाटे उठणं आणि हे वाक्य, तिन्ही मिळून आठवडाभरात साधारण १७ टक्के रात्रींनाच जमलं, म्हणजे ॲप दाखवतं तसं पहिल्याच रात्री वगैरे काही नसतं. मी हे फक्त शनिवारी रात्री करते. अर्धवट झोपेने सोमवारी काउंटरवर उभं राहून चुकीची स्ट्रिप दिली तर ते कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आता राग. ॲपमध्ये बूस्ट म्हणून पान आहे आणि त्यात गॅलॅन्टामीन घ्या असं सरळ लिहिलंय, व्हिटॅमिन असल्यासारखं. २०१८ मध्ये लाबर्ज यांच्याच टीमने १२१ लोकांवर त्याचा प्रयोग केला आणि फरक दिसला हे खरं, पण हे अल्झायमरचं औषध आहे हो, नाडी मंदावते, उलट्या होतात, हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर फारच जपून द्यावं लागतं. चिठ्ठीशिवाय मी देणार नाही आणि तुम्ही मागू नका. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी स्वप्नांची झोपच कमी होते, तेव्हा स्वप्नं पडेनात म्हणून कुणी गोळी मनानेच बंद करू नका, प्लीज. आणि ज्यांना आधीच भास होतात किंवा खरं काय खोटं काय याचा गोंधळ होतो त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय यात पडूच नये. ॲपमध्ये यातली एक ओळ नाही.

बाकी किरकोळ. फोनचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर टिंग येतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन या ॲपसाठी बंद करावा लागतो. स्वप्नांच्या डायरीत मराठीत लिहिता येतं पण सर्चमध्ये मराठी शब्द सापडत नाहीत. बोलून रेकॉर्ड करायची सोय चांगली आहे, डोळे न उघडता स्वप्न सांगता येतं.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही त्या कोपऱ्यातल्या बटणाला. सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवलं नाही. विचार आता काउंटरवरच्या कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर पेनने रेघा मारून मोजते. काल चौतीस झाले, त्यातले एकोणीस एक्स्पायरीचे.