चलनवाढ समजावून सांगणारं एक मोफत कॅल्क्युलेटर

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. चलनवाढीचा, म्हणजे एकूण भाव वाढत जाण्याचा, धडा आला की व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या संकेतस्थळावरचं चलनवाढीचं कॅल्क्युलेटर उघडते. पैसे लागत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही. रक्कम टाका, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत ते निवडा, बटण दाबा. तेवढीच खरेदी करायला नंतर किती डॉलर लागले, ते लगेच समोर येतं. आकडे थेट जानेवारी १९१३ पासूनचे आहेत.

मुलांचा आणि मोठ्या माणसांचाही सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच ठिकाणी. चलनवाढीचा दर उतरला अशी बातमी आली की त्यांना वाटतं, आता भाव खाली येणार. अशा वेळी मी जून २०२१ चे १०० डॉलर टाकायला लावते. जून २०२२ मध्ये त्याचे १०९.०६ होतात, म्हणजे वर्षभरातली वाढ साधारण ९.१ टक्के. आता सुरुवात तीच ठेवून शेवटचा महिना जून २०२३ करा. जून २०२२ ते जून २०२३ या वर्षातला दर जेमतेम ३ टक्के, पण उत्तर येतं ११२.३०. दर दोन-तृतीयांशाने घसरला, तरी भाव चढतच राहिले, फक्त चढण्याचा वेग मंदावला. हे तीन आकडे एकाखाली एक मांडले की वर्गात कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

भाव खरोखर उतरणं म्हणजे काय, तेही इथे पाहता येतं. सप्टेंबर १९२९ चे १०० डॉलर मार्च १९३३ पर्यंत आणा. उत्तर ७२.८३. महामंदीतली ही चलनघट. ऐकायला स्वस्ताई वाटते, पण पगार आणि रोजगार कोसळत असताना कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो, हे मी इथे आवर्जून सांगते.

दशकांची तुलनाही बोलकी आहे. जानेवारी १९७० ते जानेवारी १९८० मध्ये १०० चे २०५.८२ झाले, आणि जानेवारी २०१० ते जानेवारी २०२० मध्ये फक्त ११९.०५. असं का झालं, ते मात्र कॅल्क्युलेटर सांगत नाही. १९७३ आणि १९७९ मध्ये तेल अचानक महागल्याचे धक्के, मग अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी चढवलेले व्याजदर, हे सगळं शिक्षकालाच सांगावं लागतं.

आतलं गणित साधं आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या नंतरच्या आकड्याला आधीच्या आकड्याने भागायचं आणि रकमेने गुणायचं. निर्देशांक असतो ठरावीक वस्तू-सेवांच्या टोपलीच्या किमतीचा, आणि त्यात राहत्या घरावरच्या खर्चाचा भारांक, म्हणजे टोपलीतला वाटा, सगळ्यात मोठा. त्यामुळे येणारं उत्तर हे शहरी ग्राहकांची सरासरी आहे. स्वतःच्या घरात राहणारा, रोज लांब गाडी चालवत जाणारा आणि औषधांवर बराच खर्च होणारा, या तिघांची महागाई वेगवेगळी असते. एकाच आकड्यात ती दिसणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

माझ्या मते याचा सगळ्यात चांगला उपयोग पगारवाढ तपासायला होतो. वरच्याच उदाहरणात जून २०२१ ते जून २०२२ मध्ये कुणाचा पगार ५ टक्क्यांनी वाढला असेल, तर १०५ ला १०९.०६ ने भागा. हातात जास्त डॉलर आले, पण खरेदी मात्र जवळपास ३.७ टक्क्यांनी कमी झाली. बँकेतल्या ठेवीच्या व्याजालाही हाच हिशेब लावा.

एक काळजी घ्या. इथलं उत्तर विनिमय दराने गुणून दुसऱ्या देशाच्या चलनात नेऊ नका. त्या देशाची टोपली वेगळी, भारांक वेगळे. तिथला हिशेब तिथल्याच निर्देशांकावरून करावा.