कळलावी लावू की नागदवणा?

गॅलरीत एकच कुंडी मावते, त्यात कळलावी की नागदवणा, असं धाकट्या बहिणीने विचारलं. दोन्ही आपल्याकडची रानटी झाडं.

दिसण्यात कळलावीला तोड नाही. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक, आणि पानाचं टोकच वळून जाळीला विळखा घालतं. पण हा थाट पावसाळ्यापुरता. नंतर वेल वाळतो, उन्हाळाभर नुसती माती बघायची. कंद नांगराच्या फाळासारखा, त्याच्या टोकाचा डोळा मोडला की कोंब येत नाही. माझा एक असाच गेला, कुंडी बदलताना.

नागदवणा बारमाही हिरवा. पांढरी फुलं संध्याकाळी घमघमतात. पाणी द्यायचं विसरलात तरी रुसत नाही, बाजूला पिल्लंही फुटतात. मात्र पसारा मोठा, १८ इंची कुंडी हवीच.

काळ्या, ठिपकेवाल्या अळ्या दोन्हींवर येतात, एका रात्रीत पानांची चाळण. हाताने वेचा.

विषारी दोन्ही, पण कळलावीच्या कंदातलं कोल्चिसीन जिवावर बेततं. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ती नकोच. नागदवणाही उंचावर ठेवा. जाळी आणि धीर असेल तर कळलावी. बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा आहे, तिला मी नागदवण्याचं पिल्लू देणार आहे, तेही गॅलरीत नव्हे, गच्चीत ठेवायच्या बोलीवर.