सायकलच्या चेनला मेण: हिवाळा, उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा

आधी निकाल सांगून टाकतो. पुण्याच्या रस्त्यांवर ऑक्टोबर ते मे चेनला मेणासारखं दुसरं काही नाही. जून ते सप्टेंबर मात्र मेणाच्या नादी लागू नका, मुकाट तेलाची बाटली काढा. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. असं का, याची खरी गंमत पुढे आहे.

माझी सायकल साधी हायब्रिड आहे. मागे ९ गियर, डिस्क ब्रेक. रोज धायरी ते शिवाजीनगर ऑफिस, रविवारी खडकवासला, पाय चालले तर पानशेत. सिंहगड रस्त्याने जाणाऱ्यांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. कुठे ना कुठे खोदकाम चालू असतं, डंपरमधून सांडलेली क्रश सँड रस्त्याच्या कडेला साचते, आणि सायकलवाला नेमका कडेनेच जातो. गेल्या दिवाळीनंतर नवी चेन घातली तेव्हा ठरवलं, हिला तेलाचा थेंब लावायचा नाही, पहिल्यापासून मेणच.

चेन झिजते कुठे, हे आधी पाहायला हवं. आपण म्हणतो ‘चेन ताणली’, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. प्रत्येक पिन आतल्या पट्टीच्या भोकात फिरते. तिथे बारीक वाळू शिरली की पिनही झिजते आणि भोकाची कडही. एका जोडाला ही झीज नजरेला दिसत नाही, पण शंभरावर जोडांची बेरीज झाली की चेन लांब होते आणि कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या गियरच्या चक्र्यांच्या) दात्यांवर चढून बसते. मग दातेही झिजतात. चेन हजार-दीड हजारात येते, कॅसेटला त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. बाहेरून चेन किती चकचकीत दिसते याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. वंगण हवंय ते आत, पिनेपाशी.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ साली जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेनवर प्रयोग केले होते. उष्णता टिपणारा कॅमेरा लावून चेनमध्ये किती ताकद वाया जाते ते त्यांनी पाहिलं. चांगल्यात चांगली कार्यक्षमता ९८.६ टक्के निघाली. वंगण कोणतं लावलं यानं मात्र फारसा फरक पडला नाही. हे ऐकून काही लोक ‘मग काहीही लावा’ म्हणतात. अहो, प्रयोगशाळेत सिंहगड रस्ता नव्हता! स्वच्छ खोलीत फरक पडत नाही, याचा मी लावलेला अर्थ वेगळा आहे: वंगणाची परीक्षा बाहेर असते, आणि ती धुळीशी ते कसं वागतं याची असते. तेल ओलं असतं, म्हणून धूळ पकडतं आणि वाहत वाहत आत नेतं. आठवड्याभरात चेनवर जो काळा लगदा जमतो ती तेल, दगडाची पूड आणि चेनचंच लोखंड यांची चटणी असते, आणि ती बोटांत चोळली तर कचकच लागते. मेण घट्ट आणि कोरडं. धूळ त्यावर बसते आणि झडते.

आता कृती. सगळ्यात कंटाळवाणा भाग पहिला, आणि तो टाळता येत नाही. नव्या चेनला कंपनीचं चिकट ग्रीस असतं. ते गंज धरू नये म्हणून असतं आणि मेणाशी त्याचं अजिबात जमत नाही. चेन झाकणाच्या बरणीत घालून रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाईन ओतायचं, हलवायचं, गाळायचं, पुन्हा नवं ओतायचं. टर्पेंटाईन गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे चालू. शेवटी स्पिरिटमध्ये एकदा खळखळून काढायची, म्हणजे टर्पेंटाईनचा तेलकट पापुद्रा जातो. पूर्वी हे काम रॉकेलवर व्हायचं, पण रॉकेल आता मिळतं कुठे? पेट्रोल कुणी सुचवलं तर हात जोडा. घरात पेट्रोलची बरणी हलवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वापरलेलं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. बाटलीत ठेवलं की गाळ तळाला बसतो आणि वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं.

मेण मी रविवार पेठेतून आणलं. मेणबत्त्यांसाठी विकतात ते साधं पांढरं पॅराफिन, किलोभराला दोन-अडीचशे रुपये, आणि किलोभर मेण मला तरी कितीतरी महिने पुरेल. दिवाळीत उरलेल्या रंगीत, सुगंधी मेणबत्त्या वितळवायचा मोह आवरा. त्यात रंग आणि अत्तर असतं, चेनला त्यांचा काही उपयोग नाही. मधमाश्यांचं मेणही नको, ते चिकट असतं आणि मग धुळीचा मुद्दा परत आलाच.

मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण. थेट गॅसवर डबा ठेवायचा नाही. मेण तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात ठेवलं की ते शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही. मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतं, पण चेनही तितकीच तापायला हवी, म्हणून मेण चांगलं पातळ झाल्यावर गॅस बंद करून चेन तारेला अडकवून आत सोडायची आणि हलवत राहायचं. बुडबुडे येतात. ती पिनांपाशी अडकलेली हवा. बुडबुडे थांबले की मेण आत पोचलं असं समजा. मग निवू द्यायचं आणि वरती पापुद्रा धरायला लागला की चेन उचलून टांगायची. फार गरम असताना काढली तर आतलं मेण ओघळून जातं. आमच्या आईने ते पातेलं एकदा पाहिलं आणि कायमचं माझ्या नावावर करून टाकलं, तेव्हा त्यासाठी आधीच वेगळं पातेलं घेतलेलं बरं.

थंड झालेली चेन काठीसारखी ताठ होते. एकेक जोड वाकवून मोकळा करायचा, मग सायकलवर चढवायची. पहिले काही किलोमीटर गियर जरा आढेवेढे घेत बदलतात आणि पार्किंगच्या फरशीवर मेणाचे कण पडतात. त्यानंतर जे होतं त्यासाठी हा सगळा खटाटोप. चेनचा आवाज जवळजवळ नाही. पँटला डाग नाही. पंक्चर झालं, मागचं चाक काढलं, परत घातलं आणि हात जसेच्या तसे. ऑफिसला सायकलने जाणाऱ्या माणसाला या एका गोष्टीची किंमत कळेल. एप्रिलच्या उन्हात दुपारभर सायकल बाहेर उभी असली तरी मेण वितळून ओघळलं नाही.

तीनशे-चारशे किलोमीटरनंतर चेन हळूच बोलायला लागते, कोरडी सरसर ऐकू येते. ती पुन्हा बुडवायची वेळ. या वेळी टर्पेंटाईन लागत नाही. उकळत्या पाण्यात चेन खळखळली की जुनं मेण धुळीसकट सुटतं, मग ती पूर्ण वाळवायची आणि डब्यात सोडायची. पहिल्या वेळचा त्रास एकदाच, पुढे अर्ध्या तासाचं काम.

मग जून आला.

पावसात भिजून घरी आलो, सायकल तशीच लावली, तर सकाळी चेनवर तांबूस थर. पेडल मारलं की चूंचूं. अशा चेनला मेण परत लावायचं तर आधी ती काढा, वाळवा, वितळवा, बुडवा, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आहेच. यात मेणाचा दोष आहे असंही नाही. तेल बाजूला सारलं गेलं तरी वाहून परत जागेवर येतं. मेण घट्ट, एकदा निघालं की परत येत नाही. उघड्या पडलेल्या लोखंडावर पाणी बसतं आणि गंज धरतो. थोडे दिवस मी पाण्यात मिसळलेलं बाटलीतलं मेण वापरून पाहिलं. दुधासारखं दिसतं, थेंब थेंब लावायचं, रात्रभरात पाणी उडून मेण मागे राहतं. मार्च-एप्रिलमध्ये ही गोष्ट फार सोयीची आहे. जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की सकाळीही ते ओलसर राहतं आणि पहिल्या सरीत धुऊन जातं.

तेव्हा जुलैच्या सुरुवातीला शरणागती. पावसाळ्यासाठीचं दाट चेन ऑइल आणलं. छोटी बाटली, सहा-सातशे रुपये, पण पाऊसभर पुरून उरली, कारण तेल प्रत्येक रोलरवर, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीवर, एकच थेंब लागतं. लोक पिचकारी मारतात. मागे पेडल फिरवत शंभर-सव्वाशे थेंब सोडायचे, दोन मिनिटं उलटं फिरवायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. पुसणं हाच यातला महत्त्वाचा भाग. बाहेर राहिलेलं तेल फक्त चिखल धरतं. फडकं चेनच्या खालच्या बाजूला धरा आणि बोटं चेनरिंगपासून, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्रापासून, लांब ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे टाळा. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या तबकडीवर, उडालेला एक फवारा ब्रेक पॅड खराब करायला पुरतो.

पावसाळ्यातला माझा नेम असा राहिला: भिजून आलो की चेन पुसायची, दर दीड-दोनशे किलोमीटरला थेंब. चेन काळी होते, हात काळे होतात, पँटही. पण गंज नाही, आवाज नाही. त्या चार महिन्यांत एवढंच मागावं.

बाकी पर्यायांबद्दल लोक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. शिलाई मशीनचं तेल पातळ, आत छान शिरतं आणि तितक्याच लवकर निघून जातं. नड भागवायला ठीक. गॅरेजवाल्याकडचं जळकं ऑइल नको, त्यात इंजिनातली धातूची पूड आयती मिळते. गोडेतेल हवेत हळूहळू घट्ट, चिकट होतं. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे, नावातच ते आहे. भिजलेली चेन वाळवायला मारा हवं तर, पण त्यानंतर तेल लागतंच. मोटरसायकलचा चेन स्प्रे मात्र समजून घेण्यासारखा आहे. हल्लीच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकलींच्या चेनमध्ये प्रत्येक जोडाला रबराची रिंग असते आणि ग्रीस तिच्या आत कायमचं कोंडलेलं असतं. स्प्रे फक्त बाहेरून, रबर आणि गंजासाठी. सायकलच्या चेनला अशी रिंग नसते. तो चिकट स्प्रे आत धड शिरत नाही आणि बाहेर धूळ मात्र गोळा करतो.

आजोबांच्या काळ्या सायकलला वर्षानुवर्षं काही लागत नव्हतं, असं एक काका मला परवा पार्किंगमध्ये सांगत होते. खरं आहे. त्या सायकलला पूर्ण झाकणारं चेन कव्हर होतं, चेन जाड होती आणि गियर नसल्यामुळे ती कधी तिरकी पळत नव्हती. काका, ते कव्हर आज मिळालं तर मीसुद्धा मेण सोडून देईन.

झीज मोजायला गेज मिळतं, पण स्टीलची फूटपट्टीही चालते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर अर्धा टक्का झीज झाली. ११-१२ गियरवाल्यांनी तिथेच चेन बदलावी, ८-९-१० वाल्यांना पाऊण टक्क्यापर्यंत सवड. १/८ इंच, म्हणजे एक टक्का, पुढे गेला तर कॅसेटचेही पैसे बाजूला काढा. साधं गेज रोलरचा सैलपणाही झिजेत मोजतं, म्हणून ते जरा घाबरवतं. फूटपट्टी खरं सांगते. माझी आधीची, वर्षभर तेलावर चाललेली चेन तीनेक हजार किलोमीटरला पाऊण टक्क्याला टेकली होती. ही त्याच्या पुढे गेली आहे आणि अजून अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. मात्र या चेनने पावसाळ्यातही सारखं पुसणं अनुभवलं आहे, तेव्हा सगळं श्रेय मेणाला देणार नाही.

एक अडचण राहते. तेलावरून मेणावर परत यायचं म्हणजे टर्पेंटाईनचा तो सगळा कार्यक्रम पुन्हा. त्यावर यंदा उपाय केला आहे: दोन चेन. एक मेणाची, एक पावसाची. पावसाची काढून, धुऊन, तेलाचा हात देऊन डब्यात ठेवली, आता पुढच्या जूनपर्यंत तिची सुट्टी. दोन्ही आलटून पालटून चालल्यामुळे कॅसेटशीही दोघींचं जमतं. यासाठी चेनला क्विक लिंक, म्हणजे उघडता-जोडता येणारी कडी, हवी, आणि ती आपल्या गियरच्या संख्येचीच घ्यावी. ९ ची १० ला बसत नाही. काही लिंक एकदाच वापरायच्या असतात, काही पुन्हा पुन्हा, पाकिटावर लिहिलेलं असतं. उघडायची पक्कड नसेल तर जुन्या गियर वायरचा तुकडा लिंकच्या दोन टोकांतून ओवून फास आवळा, सुटते.