लोडरचा पंजा: दहा महिने, निंबाचा ओंडका आणि आठवा निपल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझा ट्रॅक्टर तीन दिवस वावराच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या तोंडात निंबाचा ओंडका होता. सोडतच नव्हता. बटण दाबलं, लिव्हर मारला, इंजिनाचा आवाज बदलायचा, पण डावा जबडा काही उघडेना. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण मोटरसायकल थांबवून विचारायचा, "भाऊ, कुत्र्यानं हाड धरल्यावानी काय धरून ठेवलंय?" आमचे आप्पा बांधावर आले, दोन मिनिटं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आते काय करशी?"

त्या तीन दिवसांत ठरवलं की या वस्तूबद्दल लिहायचंच. लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लावायचे उचलायचे हात, कसा बसवतात हे सांगत नाही. ज्याच्याकडे लोडर आहे आणि आता त्याला ग्रॅपल, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ पंजा म्हणतात तो लावायचा विचार करतोय, त्याच्यासाठी हे आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचल्यावर कारण कळेल.

माझं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. तापीकाठच्या काळ्या जमिनीतल्या पाहुण्याला दगड दाखवायला माझ्याकडे आणावं लागतं. सातपुड्यातल्या नाल्यांनी किती काळापासून आणून टाकलेले गोल गोटे वखराच्या प्रत्येक फेरीला नवे वर येतात. नाल्याकडचा ३ एकराचा तुकडा तर वडिलोपार्जित पडीक, वेडी बाभूळ आणि गोटे अर्धे अर्धे. बाकी कपाशी आणि थोडी केळी. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह. लोडर आधीपासून होता, नुसत्या बकेटवाला.

पंजा आणला आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. १ लाख १८ हजार, वाहतूक वेगळी. ट्रकमधून उतरताना आप्पांनी विचारलं, "हाई काय लई उना रे?" (हे काय घेऊन आलास रे?) मी सांगितलं. किंमत मात्र दिवाळीपर्यंत सांगितली नाही.

घेताना तीन प्रकार बघितले होते. एक, बकेटवरच वरून झाकण येतं तो. माती, शेणखत, सगळं चालतं, पण झुडूप उचललं की सोबत अर्धी ट्रॉली माती येते. दुसरा, फक्त ओंडक्यांचा चिमटा. तो लाकूड-वखारवाल्यांना ठीक. तिसरा, खाली दातेरी फणी आणि वरून जबडा. दातांमधून माती गळून जाते, काड्या-काटे वर राहतात. तोच घेतला. त्यातही एका जबड्याचा आणि दोन जबड्यांचा असे दोन. दोन जबड्यांचा २५ हजारांनी महाग आणि जड. दुकानदार म्हणाला, एका बाजूला जाड खोड आणि दुसऱ्या बाजूला फांद्या असल्या तर दोन्ही जबडे आपापल्या मापानं बंद होतात. मला तेव्हा ते विक्रीचं बोलणं वाटलं. घेतला मात्र दोनचाच, कारण एकाचा स्टॉकमध्ये नव्हता.

जडपणाचं गणित मात्र आधी करा. माझा लोडर कागदावर ८०० किलो उचलतो. पंजाच २१० किलोचा. म्हणजे राहिले ५९०, आणि तेही भार लोडरच्या जवळ असला तर. पंजाच्या टोकाला ओंडका धरला की त्याहून कमी. एक माणूस विचारत होता, ३५ एचपीला लावू का? लाव, पण मग पंजाच उचलत बस.

हायड्रोलिकमध्ये मी पैसे वाचवले. लोडरला दोन लिव्हर, उचलायचा आणि बकेट फिरवायचा. पंजाला तिसरं कनेक्शन लागतं. तिसरा व्हॉल्व्ह नीट बसवायचा तर खर्च जास्त, म्हणून मी डायव्हर्टर घेतला. बटण दाबलं की बकेट फिरवायचं तेल पंजाकडे जातं. म्हणजे एकाच वेळी पंजा वळवणं आणि जबडा मिटणं होत नाही. पहिले दोन महिने मी स्वतःला शिव्या घातल्या. ओंडका धरता धरता पंजा थोडा मागे घ्यावा लागतो आणि बटण सोडेपर्यंत ओंडका घरंगळलेला असतो. (आता सवय झाली. आधी वळव, मग मिट. पैसे वाचले ते बरोबरच होतं, असं आज म्हणतो. जुलैत विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं.)

जूनच्या सुरुवातीला वादळ झालं. केळी आडवी. त्या आठवड्यात या यंत्रानं मला खरोखर चकित केलं. पडलेल्या केळीची खोडं काढायला मजूर मिळत नाही. मिळाला तर दुप्पट मागतो, आणि त्याचंही बरोबर आहे. खोड म्हणजे पाण्याची पिशवी, वजन भरपूर, हातातून निसटतं, आणि चीक कपड्याला लागला की तो डाग कपड्यासोबतच जातो. पंजानं एका वेळी खोडांचा ढीगच कवटाळून ट्रॉलीत टाकला. दोन एकर दीड दिवसात मोकळं झालं. दोन जबड्यांचं महत्त्व तेव्हा कळलं. खोडं कधी सरळ पडत नाहीत, एकीकडे ढीग उंच, दुसरीकडे तीन खोडं. दोन्ही जबडे आपापलं धरतात. दुकानदाराची माफी मनातल्या मनात मागितली.

पण त्याच आठवड्यात पुढच्या भांडणाची सुरुवात झाली. तेव्हा कळलं नाही एवढंच. केळीचं पाणी आणि चीक दातांमधून, जबड्यावरून, पिनांवरून ओघळत होता. ग्रीस धुऊन निघत होतं.

आता निपलकडे येतो. या पंजाला ग्रीसचे ८ निपल, म्हणजे गननं ग्रीस आत मारायची बारीक तोंडं, आहेत. प्रत्येक जबड्याच्या बिजागरीचे दोन-दोन, म्हणजे चार. जबडा उघडमीट करणाऱ्या प्रत्येक सिलिंडरच्या दोन टोकांचे दोन-दोन, म्हणजे आणखी चार. सात निपल हाताशी आहेत, ग्रीस गन लावा, दोन पंप मारा, झालं. आठवा, म्हणजे डाव्या सिलिंडरच्या मागच्या पिनचा, कुणा महाभागानं आतल्या बाजूला बसवलाय. समोर नळीच्या संरक्षणासाठी एक पट्टी वेल्ड केलीय. गनचं तोंड त्या पट्टीला अडतं. जबडा पूर्ण उघडा, पंजा खाली झुकवा, इंजिन बंद करा, गुडघ्यावर बसा, मान वाकडी करा, तेव्हा गनचं तोंड निपलवर टेकतं. टेकतं, बसत नाही. पंप मारला की ग्रीस बाहेरच येतं.

उजव्या बाजूला तोच निपल बाहेर आहे! एकाच यंत्राच्या दोन बाजू. म्हणजे ज्यानं रेखाटलं त्यानं एक बाजू काढली आणि दुसरी नुसती आरशात बघून उलटी करायचं विसरला, किंवा वेल्डिंगवाल्याच्या जेवणाची सुट्टी झाली होती. मी हे बोलत असलो की घरात सगळे उठून जातात, मला माहीत आहे. पण १ लाख १८ हजारांच्या वस्तूत दहा-वीस रुपयांचा निपल चुकीच्या जागी असणं मला झोपू देत नाही.

माझी चूकही सांगतो. लवचिक नळीची ग्रीस गन घेतली असती तर कदाचित पोहोचली असती. दुकानात बघितली होती, किंमत ऐकून परत ठेवली. सालदाराला सांगितलं, आठ तास काम झालं की सगळे निपल मार. त्यानं सातच मारले, मीही सातच मारले, आणि दोघांनी एकमेकांना आठ सांगितले.

दगडांचं काम पावसाळ्यानंतर काढलं. इथे जास्त लिहितो, कारण इथेच माणूस मरू शकतो. आपला काळा दगड दिसतो त्यापेक्षा फार जड असतो. दोन फुटी गोटा म्हणजे साधारण सव्वातीनशे किलो. अडीच फुटी दिसायला थोडासाच मोठा, पण वजन सहाशेच्या पुढे. माझ्या लोडरचं सगळं गणित तिथेच संपतं. पहिल्याच दिवशी असा एक गोटा धरून नाल्याच्या उतारावर वळलो आणि मागची चाकं हलकी झाल्याचं कमरेला जाणवलं. तेव्हा लिव्हर खाली दाबायचं सुचलं म्हणून आज लिहितोय. दुसऱ्या दिवशी मागच्या टायरमध्ये पाणी भरलं आणि मागे वजनाला रोटाव्हेटर लटकवला. आता त्याशिवाय दगडाला हात लावत नाही. भार नेताना पंजा जमिनीपासून फूटभरच वर, आणि उतारावर आडवं वळायचं नाही. ओंडका किंवा गोल दगड फार उंच उचलला तर तो लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालवणाऱ्याच्या मांडीवर येऊ शकतो. पोरांना ट्रॅक्टरसमोर उभं राहून व्हिडिओ काढायची भारी हौस, त्यांना आधी हाकला.

पंजाच्या दातांमध्ये आठ इंचांची फट आहे. त्यापेक्षा लहान गोटे गळून जातात आणि वावरातच राहतात. त्याला इलाज नाही, ते बायाच वेचतात. सातपुड्याचा गोटा नदीत घासून गुळगुळीत झालेला, ओला असला की जबड्यातून साबणासारखा सुटतो. हे काम सकाळी दवावर करू नका, दुपारी करा.

वेडी बाभळीचं मला वाटलं होतं की जबड्यात धरून उपटून काढू. तसं करू नका. लोडरचे हात उचलायला आहेत, मुरगळायला नाहीत. माझा उजवा हात किंचित वाकला तो अशाच एका हावरेपणात. शिवाय वरून कापली तर ती बुडख्यापासून दुपटीनं फुटते. मी शेवटी जेसीबी दोन दिवस बोलावून मुळासकट उपटून घेतली आणि गोळा करायचं, रचायचं काम पंजानं केलं. जेसीबी तासाला १२०० घेतो, तो काटे गोळा करत बसला तर परवडत नाही. पुढचं टायर मात्र तीन वेळा पंक्चर झालं. काट्यांसमोर पंजा काय, टायर काय, सगळे सारखे.

पऱ्हाटीनं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांनी, मात्र मन जिंकलं. दरवर्षी जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी बांधावर रचून पावसाळ्यापर्यंत पडून राहायची, आणि तिच्यातली गुलाबी बोंडअळी पुन्हा वावरात. यंदा सगळी चार दिवसांत ट्रॉलीत भरली आणि पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे शेतकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्या, कारखान्याला गेली. पऱ्हाटी एकमेकांत गुंतलेली असते, पंजानं एकदा धरली की ढिगाचा ढीग येतो.

त्यानंतरच्या सोमवारी घरामागचा वठलेला निंब पाडला. दीड फूट जाडीचा, आठ फूट लांब ओंडका धरला, वावरातून नेत होतो, आणि डावा जबडा जागीच जाम झाला. मागची पिन ग्रीसअभावी बुशमध्ये, म्हणजे ती ज्यात फिरते त्या नळकांड्यात, धरून बसलेली. तिला फिरू न देणारा छोटा बोल्ट तुटला आणि पिन एका बाजूला सरकून पट्टीत अडकली. कुठली पिन ते सांगायची गरज नाही.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. आधी जेवला. आमच्याकडे भरीत होतं, कळण्याच्या पुऱ्या होत्या, त्यानं कौतुक केलं, दोनदा वाढून घेतलं. मग पंजा बघितला आणि कागदावर लिहिलं: ग्रीसिंग नाही, वॉरंटी लागू नाही. पिन, बुश, सील, नळी हे तसंही वॉरंटीत येत नाही म्हणे. मी म्हटलं, हा निपल तुम्हीच मारून दाखवा. त्यानं गुडघा टेकला, मान वाकडी केली, शर्टला ग्रीस लावून घेतलं, आणि उठून म्हणाला, "साहेब, हे वरच्यांना सांगतो." बिल ६,८४० रुपये, त्यात त्याच्या येण्याजाण्याचे किलोमीटर धरलेले. भरीत धरलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावायला निघालो होतो. मुलगा म्हणाला, आधी ओंडका तर सोडवा.

मी बिल भरलं नाही. चोपड्याच्या लेथवाल्याला बोलावलं. त्यानं आधी ओंडक्याखाली लाकडं रचून भार काढला. नंतर इंजिन बंद करून सगळे लिव्हर हलवून तेलाचा दाब सोडला, आणि मग पिन ठोकून काढली. (त्याच्याकडून एक शिकलो. नळी कुठे गळते ते बोटानं चाचपायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. बारीक छिद्रातून दाबाचं तेल कातडीत घुसतं.) नवी पिन घासून दिली, बुश बदलला, पट्टी कापून बाजूला वेल्ड केली आणि त्या जागी कोनातला, काटकोनी निपल लावला. एकूण १,९०० रुपये. आता गन उभ्यानं बसते. त्या दिवशी मी गरज नसताना चार वेळा ग्रीस मारलं.

यंत्र वाईट आहे का? नाही. केळी आणि पऱ्हाटीतच त्यानं मजुरीचे बरेच पैसे वाचवले. पाचपैकी मी चार देतो, आणि पाचवा का कापला ते घरातल्या कुणालाही विचारा, पाठ झालंय. घेणार असाल तर दुकानात जबडा पूर्ण मिटायला लावा, पूर्ण उघडायला लावा, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या हातानं सगळ्या निपलांना गन लावून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या.

परवा कंपनीच्या त्याच माणसाचा फोन आला. म्हणाला, "साहेब, तो काटकोनी निपल कसा बसवलाय त्याचा फोटो पाठवता का? वरच्यांनी मागितलाय." मी म्हटलं, आधी १,९०० रुपये पाठवा. अजून तरी आलेले नाहीत.