दोहाच्या विमानतळावर साडेसत्तावीस तास: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. मुलगी-जावई जर्मनीत, फ्रँकफर्टजवळ. गेल्या मे महिन्यात तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पहिल्यांदा देशाबाहेर पडलो आणि जानेवारीपर्यंत कतारमधल्या दोहाच्या हमाद विमानतळावर माझे चार मुक्काम झाले. आठ तास, साडेतीन, पाच आणि शेवटचा अकरा. बेरीज साडेसत्तावीस. नागपूरहून दोहाला थेट विमान आहे, त्यामुळे मुंबई-दिल्ली न करता पोरांकडे जायचं म्हटलं की विदर्भातल्या पुष्कळ आईबापांच्या वाट्याला हाच थांबा येतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जे नेहमी विमानानं फिरतात त्यांना यातलं निम्मं पोरकट वाटेल. वाटू द्या.

पहिल्या वेळी आठ तासांतला सव्वा तास वाया गेला. तालुक्याला ज्यानं तिकीट काढून दिलं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, दोहाला बॅगा उतरवून घ्या अन् पुन्हा टाका." आम्ही बॅगा शोधत फिरलो. बाहेर जायच्या रस्त्याला लागलो, तिथल्या माणसानं बोर्डिंग पास पाहिला आणि हातानंच मागं फिरा म्हणून दाखवलं. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली की बॅग परस्पर पुढं जाते. नागपूरला बॅगेला जी पट्टी लावतात तिच्यावर शेवटच्या गावाची तीन अक्षरं असतात. आमच्या पट्टीवर एफआरए होतं, म्हणजे फ्रँकफर्ट. डीओएच असतं तर दोहा. तेवढं काउंटरवरच वाचून घ्या आणि बॅगेची चिंता सोडा. विमानतळाच्या आतच राहणार असाल तर कतारचा व्हिसाही लागत नाही.

उतरल्यावर पुढच्या विमानासाठी सामानाची तपासणी पुन्हा होते. नागपूरला झाली, आता कशाला, असं म्हणून चालत नाही. बाटलीतलं पाणी त्याआधी पिऊन टाका, पण रिकामी बाटली फेकू नका. आत स्वच्छतागृहांच्या आसपास प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, तिथं भरता येते. घरचीनं हातातल्या पिशवीत लिंबाचं लोणचं घेतलं होतं, ते नागपूरलाच गेलं. तेल सुटलेलं लोणचं तपासणीवाल्यांच्या हिशेबी पातळ पदार्थ, आणि पातळ पदार्थ शंभर मिलीच्या वर हातात नेता येत नाही. सुक्या चटण्या, दशम्या, चिवडा आरामात जातं. जवसाची चटणी चारही वेळा गेली. खसखस मात्र घरीच ठेवा, मसाल्यातलीसुद्धा. आपल्याकडं रश्श्यात पडते ती खसखस आखातातल्या देशांत अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. पोरांसाठी सावजी मसाल्याचे पुडे नेणाऱ्यांनी आधी डबा वाचावा.

तपासणीतून आत आलं की जो पसारा दिसतो त्यात माणूस हरवतो. २०१४ साली सुरू झालेला हा विमानतळ म्हणजे एका छताखाली वसवलेलं गाव आहे. ए, बी, सी असे फाटे, प्रत्येक फाट्यावर गेटांची रांग, मधे दुकानंच दुकानं. पाट्या अरबी आणि इंग्रजीत. घरचीला दोन्ही सारख्याच.

पण मधोमध, जिथून हे फाटे फुटतात तिथं, एक पिवळं अस्वल बसलेलं आहे. सात मीटर उंच, म्हणजे आपल्या दोन मजली घराएवढं, आणि त्याच्या डोक्यात मागून टेबलावरचा दिवा घुसलेला. लांबून कापडी खेळणं वाटतं, हात लावला तर ब्राँझ. उर्स फिशर नावाच्या स्विस कलावंताचं काम. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते ६८ लाख डॉलरला गेलं. मी घरचीला रुपयांत सांगितलं तर ती अस्वलाकडं बघतच राहिली. "बाप्पा! मेळघाटात फुकट फिरतात. अन् थे पिवळे बी नसतात."

त्या क्षणाला हसलो, पण पुढं नऊ महिने सगळं त्या अस्वलावरच चाललं. गावात जसा पिंपळाचा पार, तसं ते अस्वल. कुठंही भरकटलं तरी "यलो बेअर" एवढे दोन शब्द कोणालाही विचारावे, तो बोट दाखवतो. आम्ही ठरवून टाकलं: चुकामूक झाली तर एकमेकांना शोधत फिरायचं नाही, अस्वलापाशी येऊन बसायचं.

आता सोयींचं. आमच्याकडं एखादी जागा स्वच्छ आहे हे सांगायचं तर "शेगावसारखी" म्हणतात, पुढं काही बोलावं लागत नाही. इथली स्वच्छतागृहं शेगावसारखी. आणि शौचाला पाण्याचा फवारा आहे. हे वाचून हसू नका. जर्मनीत कागदावर दिवस काढून परत येताना त्या फवाऱ्याचं मोल कळतं.

झोपायला शांत खोल्या आहेत, पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. मंद उजेड, पाय लांब करून पडता येईल अशा खुर्च्या, पैसे लागत नाहीत. रात्री गर्दीत खुर्ची मिळेलच असं नाही, सकाळी मिळते. आत थंडी असते. मे महिन्यात आपण ४५-४६ डिग्रीतून निघतो, शाल बॅगेत जाते आणि मग माणूस तिथं कुडकुडतो. शाल हातात ठेवा. आणि शांत खोली म्हणजे खरंच शांत, विमानाचा पुकारा ऐकून उठू या भरवशावर झोपू नका, गजर लावा.

गजरावरून आठवलं. कतारचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं एचएमटी बदलत नाही. जूनमध्ये मी एकटा परत येत होतो, साडेतीन तासांचा थांबा. डोळा लागला, जाग आली तशी मनगटाकडं पाहिलं आणि पोटात गोळा आला. विमान गेलेलं! बूट हातात घेऊन पळत विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या पडद्यापाशी गेलो. गेटसुद्धा अजून लागलेलं नव्हतं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायांकडं पाहून पदर तोंडाला लावला. तेव्हापासून विमानात बसलं की आधी घड्याळ मागं घेतो.

फोन चार्ज करायला बसायच्या जागी सोय आहे, पण काही ठिकाणी भोकं तीन चपट्या खिळ्यांची आहेत, आपली गोल पिन त्यात जात नाही. यूएसबीची वायर असली की भागतं. पॉवर बँक हातातल्याच पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. वाय-फाय फुकट आहे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: आधी कतारच्या रियालचे रुपये करा आणि मग चहाचा आकडा वाचा. दशम्या काढून बसलो तर कोणी हटकलं नाही.

उत्तरेच्या बाजूला एक बाग आहे, २०२२ साली उघडली. अस्वलापासून तिकडं इमारतीच्या आतूनच छोटी रेल्वे जाते, फुकट, आणि ती डोक्यावरून जाते, त्यामुळे खालची सगळी दुनिया दिसते. नरखेड-अमरावती गाडीनं वरुड यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात इथं दहा फेऱ्या होतील. तर ती बाग. नाव "द ऑर्चर्ड". सहा हजार चौरस मीटर म्हणजे आपला दीड एकर. वर काचेचं छत, आत तीनशेहून जास्त झाडं आणि पंचवीस हजार रोपं. वाळवंटात हे जगवलं याचं कौतुक आहेच. पण ऑर्चर्ड म्हणजे फळबाग ना? मी दीड एकर पायी फिरलो, मला एक फळ दिसलं नाही. ठिबकच्या नळ्या कुठं लपवल्यात तेही वाकून वाकून शोधलं, तर एक सफाई करणारा पोरगा काही हरवलं का म्हणून जवळ आला. तेलंगणातल्या आदिलाबादकडचा निघाला. यवतमाळला त्याची आत्या. मग काय, अर्धा तास तिथंच गेला. वेळ घालवायला या विमानतळावर सगळ्यात चांगली जागा कोणती असं विचाराल तर ही बाग. पाण्याचा आवाज आहे, बसायला जागा आहे, डोळ्याला हिरवं आहे. आमच्या बागेला मे महिन्यात मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलं यावीत म्हणून, पाणी तोडून ताण दिलेला असतो, पानं कोमेजलेली पाहून निघालेल्या माणसाला ते हिरवं फार बरं वाटतं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. जर्मनीसह युरोपातल्या पुष्कळ देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो, त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मी मृगाआधी परतलो होतो, घरची बाळासाठी थांबली, आणि नव्वद भरायच्या आत तिला एकटीला यायचं होतं. मी कागदावर मराठीत सगळं लिहून जावयाकडं फोटो पाठवला. इथून डावीकडं, मग उजवीकडं, मग सरकता पट्टा, मग अस्वल. मला माझ्या कागदाचा मोठा अभिमान होता.

दोहाला उतरल्यावर तिचा आवाजी निरोप आला. "अवो, तुमचा कागद चुलीत घाला. तुमी डावीकडं लिहून देल्लं, अन् हितं तं डावीकडं भिंत हाये." मी नागपूरहून येणाऱ्या माणसाच्या डाव्या-उजव्यानं लिहिलं होतं, ती फ्रँकफर्टहून दुसऱ्याच फाट्यावर उतरली होती. मी इकडं बांधावर उभा, घामाघूम. वीस मिनिटांनी दुसरा निरोप: "अस्वलापाशी बसली हाओ. काळजी नोका करू." तिनं काय केलं, तर फोनमधला अस्वलाचा मे महिन्यातला फोटो काढला, एका पोरीला अस्वल दाखवलं, त्या पोरीनं नेऊन सोडलं. पुढं तिथंच एका केरळी बाईशी ओळख झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बायकांची शांत खोली, पाण्याचा नळ, गेट कोणत्या पडद्यावर लागतं, सगळं त्या बाईनं हातवारे करून दाखवलं आणि हिनं तिला जर्मनीत केलेल्या दशम्या खाऊ घातल्या. चार तास कसे गेले कळलं नाही म्हणे. मला आठ तासांत जे सापडलं नव्हतं ते तिला चार तासांत सापडलं.

आता आमच्या घरात नवा कागद आहे, तिनं सांगितलेला. त्यात डावं-उजवं नाही, फक्त खुणा आहेत आणि गेटचा नंबर लिहायला कोरी जागा. गेट लांब असू शकतं, पट्ट्यावरून गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं धरावीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी, तिचे वेगळे पैसे नसतात. फक्त एक: व्हीलचेअर ढकलणाऱ्याला सोडून देण्याआधी "पुढं कोण येणार, किती वाजता" हे विचारून घ्या. दुसऱ्या एका विमानतळावर, नाव लिहीत नाही, आमच्या गावच्या एका आजींना कोपऱ्यात बसवून माणूस जो गेला तो तासाभरानं आला.

पुढं पुन्हा जर्मनीला जाऊन परत येतानाचे, जानेवारीतले अकरा तास दोघांनी मिळून काढले. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मीच घेतलं होतं. चार तास झोप, दीड तास बाग, रेल्वेच्या नुसत्याच फेऱ्या, लहान पोरांच्या खेळायच्या जागेपाशी बसून परक्यांच्या नातवंडांकडं पाहणं. सातव्या तासानंतर मात्र बाग पाहून झालेली, दशम्या संपलेल्या, आणि ड्यूटी फ्रीतल्या अत्तराच्या वासानं डोकं धरलेलं. विमान नागपूरला मध्यरात्रीनंतर उतरतं, पुढं गावापर्यंत दोन-अडीच तासांची गाडी, हे शरीराला आधीच कळलेलं असतं. वाचलेले पैसे तिनं वरुडला आल्यावर गुडघ्याच्या तेलात मोजून दाखवले.

येत्या मे महिन्यात पुन्हा जायचं आहे. तालुक्याचा तो तिकीटवाला दीड तासाचा थांबा स्वस्तात देतो म्हणतो. घरचीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सांगितलं, "चार तासाच्या खाली नोको, सहाच्या वर नोको. मले अस्वलाजवळ दशमी खायची हाये."