सेकंडहँड नोरित्सु, चौदा महिने आणि फोटोच्या पाठीवरचा नंबर

परवा सकाळी माझ्या फोटो छापायच्या मशीनचं झाकण उघडलं तर डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, जांभळा. चहाच्या रंगाचा असतो तो, फार तर जुना झाला की काळपट होतो. जांभळा आजवर पाहिला नव्हता. कसा झाला ते पुढे सांगतो. चूक मशीनची नव्हती एवढं आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे खाली कुणी कंपनीला शिव्या घालायला नको.

मशीन नोरित्सु क्यूएसएस, ३२ मालिकेतलं, १२ बाय १८ पर्यंत प्रिंट देणारं. बाकीचं स्पेसिफिकेशन लिहीत नाही. लॅबवाल्यांना ते पाठ असतं. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या लॅबमधून उचललं. भाव इथे सांगितला तर घरी कळेल. क्रेन, टेम्पो आणि दुकानाची चौकट काढून परत बसवणं, हा खर्च वेगळा.

त्याआधी माझ्याकडे डाय-सब प्रिंटर होता, म्हणजे रिबनवरचा रंग तापवून कागदावर उतरवणारा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सगळ्याच डाय-सबची ही तऱ्हा असेल असं नाही. माझ्या प्रिंटरला छापणाऱ्या हेडवर एक रेघ आली. प्रत्येक फोटोत डावीकडून दोन बोटांवर केसाएवढी पांढरी रेघ. ऐन वैशाखात प्रिंटर मुंबईला गेला, सात आठवड्यांनी परत आला तो रेघेसकट. वर सर्व्हिसवाला मला फोनवर म्हणतो, "सर, नॉर्मल अंतरावरून दिसत नाही." नवरीच्या कपाळावरून रेघ गेलेली नवरीच्या आईला किती अंतरावरून दिसते, ते त्याला काय माहीत.

डाय-सबचा दुसरा राग रिबनचा. फोटोत पांढरं आभाळ असो की काळी म्हैस, पिवळा, मॅजेन्टा, सायन आणि वरचा कोट हे चारही तुकडे पूर्ण खर्ची पडतात. न वापरलेला रंग तसाच गुंडाळून फेकायचा. दुष्काळी भागातल्या माणसाला हे सोसत नाही. आमचं गाव आटपाडी.

म्हणून ओल्या मशीनकडे, म्हणजे कागद रसायनातून काढणाऱ्या या नोरित्सुकडे वळलो. पहिल्या दोन महिन्यांत पस्तावलो, हेही लिहून ठेवतो. सकाळी तापायला अर्धा-पाऊण तास. रसायन ३८ अंशांच्या आसपास स्थिर झाल्याशिवाय मशीन काम घेत नाही. दुकानभर वास. रोज रसायन तपासायची कंट्रोल स्ट्रिप, रोज रंग जुळवायचं कॅलिब्रेशन, रोज क्रॉसओव्हरचे, म्हणजे एका टाकीतून दुसरीत कागद नेणारे रोलर धुणं. मध्येच लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली की आत असलेला कागद रसायनात बसून राहतो, मग हातमोजे घालून बाहेर ओढायचा. आणि सगळ्यात मोठी गोम अशी की या मशीनला काम लागतं. रोज पुरेसा कागद गेला नाही तर नवं रसायन आत येत नाही आणि जुनं हवेने मरतं. चातुर्मासात लग्नं नसतात, पण ते डेव्हलपरला कोण सांगणार? आषाढात मी शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो जवळजवळ फुकटात छापले, केवळ टाकी जिवंत राहावी म्हणून. म्हैस भाकड असली तरी वैरण टाकावीच लागते.

आता मुद्द्यावर. माझा सगळा जीव या मशीनच्या एका फालतू भागात अडकलाय. बॅक प्रिंटर, म्हणजे फोटोच्या पाठीवर नंबर मारणारा. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममधला कुठलाही रंगीत फोटो उलटा करा. कागद कंपनीचं फिकट करडं नाव असतं आणि त्यावर आडवी, बारीक टिंबाटिंबांची ओळ असते: काही आकडे, एनएनएन, एखादं वजा चिन्ह. निम्म्या महाराष्ट्राला वाटतं तो कागदाचा बॅच नंबर आहे. तो मशीनने आपल्या हाताने मारलेला शेरा असतो: ऑर्डर कुठली, फ्रेम कितवी, कुठल्या रंगात किती कमी-जास्त केलं. एन म्हणजे नॉर्मल, हात लावला नाही.

मी पहिल्याच आठवड्यात हे बंद करून टाकलं होतं. कारण ठरलेलं: रिबन वाचेल. फोटोच्या मागे कोण बघतं?

दिवाळीनंतर एका आठवड्यात दोन पवारांची लग्नं आली. दोन्हीकडे भगव्या फेट्यांची फौज, दोन्हीकडे तोच मांडव डेकोरेटर, तेच गुलाबी झालरीचं स्टेज. मुलाने दोन्ही ऑर्डरी एकापाठोपाठ सोडल्या आणि पंख्याच्या वाऱ्याने ट्रेमधली थप्पी खाली. साडेआठशे फोटो. त्या रात्री मी आणि बायको जमिनीवर बसून एका पवारांचे मामा दुसऱ्या पवारांच्या मामांपासून वेगळे करत होतो. पहाटे चारला ती म्हणाली, "अहो, पूर्वी फोटोच्या मागे नंबर यायचे ना?" मी गप्प बसलो. सकाळी बॅक प्रिंट चालू केलं.

तेव्हापासून माझं मत फिरलं, आणि ही कंपनी आहे तरी कुणाची हे शोधायची खाज सुटली. जपानात ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा नावाचं शहर आहे. तिथे कानइची निशिमोतो नावाचे एक फोटोवाले होते. आपल्यासारखाच स्टुडिओ. १९५१ साली त्यांनी पहिलं यंत्र बनवलं ते कॅमेऱ्याचं नाही, फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरचं नाही. प्रिंट आपोआप धुणारं यंत्र. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

ज्यांनी डार्करूम केलेली नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत कौशल्याचा भाग दहा मिनिटांचा, हमालीचा भाग रात्रभराचा, आणि ती हमाली म्हणजे धुणं. हायपोतून (फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून) काढलेला प्रिंट वाहत्या पाण्यात नीट धुतला नाही तर हायपो कागदाच्या पोटात राहतो, तो वर्षा-दोन वर्षांत चांदीला खातो आणि फोटो पिवळा पडतो. आमचे दादा सिमेंटच्या टाकीत प्रिंट सोडून हाताने खालीवर करत बसायचे. एकमेकांना चिकटले की तेवढी जागा धुतली जात नाही, म्हणून झोपायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं तिथे फोटो धुवायला कुठून आणणार? दोन बादल्यांत भागवायचे. त्या वर्षीचे आमच्या घरातले फोटो आज ओळखू येतात. सगळ्यांचे चेहरे काविळीचे. माझ्या आत्याच्या लग्नाचा फोटो त्यातलाच. आत्याला अजून वाटतं कॅमेरा हलका होता.

तर ज्या माणसाने रात्री जागून प्रिंट धुतले, त्यालाच आधी धुण्याचं यंत्र सुचणार. इंजिनिअरला आधी दुसरं काही सुचलं असतं. १९५६ मध्ये कंपनी रीतसर स्थापन झाली. नोरित्सु या जपानी शब्दाचा अर्थ कार्यक्षमता. (याच नावाची आणखी एक जपानी कंपनी पाणी तापवायची यंत्रं बनवते, ती वेगळी.)

पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी क्यूएसएस आणलं. क्विक सर्व्हिस सिस्टम. तोवर रंगीत रोल म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबचा मामला. आम्ही रोल एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला पाठवायचो, आठ-दहा दिवसांनी पाकीट यायचं, आणि तोवर गिऱ्हाईक रोज सायकल थांबवून विचारणार, "आले का हो?" क्यूएसएसने ती अख्खी लॅब दुकानाच्या एका भिंतीत बसवली आणि रोलपासून प्रिंटपर्यंतचं काम तासाच्या आत आणलं. शहरात 'एका तासात फोटो' अशा पाट्या लागल्या त्या असल्या मशीनांच्या जिवावर.

आणि माझ्यासारख्या आटपाडीकराला लागलेला खरा शोध: या मशीनला नळच नाही. डेव्हलपर, मग कागदातली चांदी काढून घेणारं ब्लीच-फिक्स, मग धुण्याच्या पाण्याऐवजी स्टॅबिलायझर या रसायनाच्या चार टाक्या, मग ड्रायर. वाहतं पाणी लागत नाही. धुण्याचं यंत्र बनवून सुरू झालेल्या कंपनीचं हे मशीन धुणंच काढून बसलंय. मी दिवसाला जेमतेम एक बादली पाणी वापरतो, तेही उडालेलं पाणी भरायला आणि रोलर धुवायला. वापरलेलं ब्लीच-फिक्स फेकत नाही. त्यातून चांदी काढणारा माणूस विट्याहून येऊन कॅन घेऊन जातो आणि चहापाण्याचे पैसे देतो. डाय-सबच्या वापरलेल्या रिबनला भंगारवालासुद्धा हात लावत नव्हता.

बाकी इतिहास झटकन. फुजीने १९९६ मध्ये फ्रंटियर नावाची डिजिटल मिनीलॅब (दुकानात मावणारी लॅब) आणली आणि सगळ्यांना लेझरने फोटो उमटवण्याकडे पळावं लागलं. नोरित्सुही पळाली, माझं मशीन त्याच धावपळीतलं. मग लोक फोटो छापायचेच थांबले. २००६ मध्ये फुजी आणि नोरित्सुने हातमिळवणी केली, आणि त्यानंतर फ्रंटियर नावाने आलेली काही मशीनं नोरित्सुने बनवलेली होती. म्हणजे चहाच्या टपरीवर 'फुजी भारी की नोरित्सु भारी' म्हणून आम्ही भांडत होतो तेव्हा मशीन एकाच घरातून येत होतं. मूळ कंपनीने नंतर नाना उद्योग केले, लेट्यूसची शेतीसुद्धा. फोटोचा धंदा नोरित्सु प्रिसिजन नावाने वेगळा झाला आणि २०१६ मध्ये विकला गेला. तो वाकायामात अजून चालू आहे. मूळ कंपनीने पेनांची टोकं बनवणारी कंपनी घेतली आणि २०२० मध्ये पायोनियर डीजे हा ब्रँड ज्यांच्याकडे आहे ती अल्फाथीटा. वरातीत माझ्या छातीत धडधड करणारा तो डीजेचा खोका! लग्नातला फोटो गेला तरी लग्न काही सोडलं नाही त्यांनी.

तर जांभळा डेव्हलपर. बॅक प्रिंटरची रिबन पुसट झाली होती, नंबर भिंगातून वाचावे लागत होते. नव्या रिबनचा भाव एका डीलरने असा सांगितला की मी फोन ठेवला. बँकेतल्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन शाईने ओली करून चालवतात हे मला माहीत होतं. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई, पंधरा रुपये बाटली. कॅसेट उघडली, ड्रॉपरने शाई सोडली, बसवली. पहिला नंबर असा ठसठशीत उमटला की मी बायकोला बोलावून दाखवला.

एक गोष्ट विसरलो. नंबर मारला जातो तो कागद रसायनात जाण्याआधी. कागदाची पाठ प्लॅस्टिकची, शाई आत मुरत नाही. आणि शिक्क्याची शाई पाण्यात विरघळणारी. दिवसभरात चारशे प्रिंट गेले आणि चारशे नंबर सरळ डेव्हलपरमध्ये उतरले. फोटो उलटे केले तर मागे नंबर नाही, नुसते जांभळे ओघळ. पुण्याच्या मेकॅनिकला फोन केला. तो आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, "दादा, ओरिजिनल रिबनची शाई या रसायनात टिकावी म्हणूनच वेगळी असते. टाकी रिकामी करा." टाकी रिकामी केली, आतले रोलरचे रॅक काढून घासले, नवं रसायन भरलं, पुन्हा सेटअप. रिबनच्या सहापट खर्च आला. बायकोने हिशेब वहीत लिहिलाय, तारखेसकट.

कुणी जुनं क्यूएसएस बघायला जाणार असाल तर विकणारा सांगेल त्या प्रिंट-काउंटवर जाऊ नका. मला सांगितलेला आणि मशीनच्या मेन्यूत निघालेला यात बरंच अंतर होतं. रॅकचे गिअर बघा, ड्रायरचा आवाज ऐका, आणि एक प्रिंट काढून उलटा करा. नंबर स्वच्छ असेल तर मालकाने मशीन नीट ठेवलंय असं धरून चला. ज्याने मागची बाजू सांभाळली त्याने टाकीही सांभाळलेली असते, असा माझा तरी अनुभव आहे.

रिबन काल आल्या. दोन मागवल्या. एक लावली, दुसरी घरच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. तिला फ्रिजची गरज आहे का, असं बायकोने विचारलं. नसेल बहुतेक.